दम लागणाऱ्या माणसाची हिवाळ्यातली सकाळ

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला खाटेच्या काठावर उठून बसतात. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, मान खाली. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. दहा-पंधरा मिनिटांनी छातीतली शिट्टी बसली की मग पहिला शब्द निघतो. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार. जन्मात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी फुंकली आणि तव्यावर मशेरी भाजली. मामंजींची छाती शिरोलीच्या फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं गेली. असे दोघे घरात असताना सात हिवाळे काढले. त्यात जे कळलं ते इथं लिहिते. दमा, सीओपीडी, टीबी बरा होऊनही कमजोर राहिलेली छाती, यांपैकी काहीही असलेलं माणूस ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडं कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन २८-३० अंशांवर असतं आणि पहाटे पारा १४-१५ पर्यंत उतरतो. दिवसभर स्वेटर लागत नाही, म्हणून थंडी आहे असं कुणाला वाटतच नाही. पण रात्री जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. त्या झाकणाखाली धूर कोंडतो. पंचगंगेच्या काठानं धुकं उतरतं ते वेगळंच. आणि नेमक्या त्याच वेळी घराघरात बंब पेटतात, कोपऱ्यावर शेकोटी होते, झाडलोट करून कचरा जाळला जातो, गुऱ्हाळांची चुलवाणं धगधगत असतात. शरीराचंही तसंच. पहाटे श्वासनळ्या मुळातच जरा आवळलेल्या असतात, रात्रभराचा कफ साचलेला असतो आणि रात्री घेतलेल्या औषधाचा जोर उतरलेला असतो. म्हणून माझ्या मते पहाटे पाच ते सकाळी नऊ एवढे चार तास सांभाळले की बहुतेक हिवाळा सांभाळला जातो. पुढचं सगळं त्या चार तासांच्या तयारीचंच आहे.

नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाआधी

आमच्या घरी हिवाळ्याचा हिशोब अंबाबाईच्या किरणोत्सवावर चालतो. ९ ते ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवीपर्यंत येतात ती सुरुवात, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला पुन्हा येतात तो उतार. मधले बारा आठवडे जपायचे. त्यामुळं डॉक्टरांकडची फेरी नवरात्र आणि दिवाळीच्या मध्ये होते. त्रास वाढल्यावर धावत जाण्यात आणि बरं असताना शांतपणे जाण्यात फार फरक पडतो. बरं असताना गेलं की डॉक्टरांना तुमच्या माणसाची नेहमीची छाती ऐकायला मिळते.

जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, सांधेदुखीची गोळी, गावाकडून आणलेली पुडी, सगळं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या माणसाची छाती आवळतात. काही दमेकऱ्यांना अंगदुखीच्या साध्या गोळीनंही जोराचा झटका येतो. दुकानातून आपल्या मनानं आणलेली गोळी डॉक्टरांना कशी कळणार?

तिथं तीन गोष्टी विचाराच. पहिली, लसींची. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते आणि तिचा जोर यायला साधारण दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाची लस वेगळी, ती कोणती आणि किती डोस हे वयावर आणि आजारावर ठरतं. दुसरी, त्रास वाढला तर घरी काय सुरू करायचं आणि कुठल्या टप्प्याला दवाखाना गाठायचा, हे कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं घाबरल्यावर आठवत नाही. आमचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. तिसरी, आपला पंप, म्हणजे इनहेलर, त्यांच्यासमोर मारून दाखवा. ही तिसरी सगळ्यांत मोलाची, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

पंप

आत्तींना पहिल्यांदा रोटाहेलर, म्हणजे औषधाची पूड श्वासानं ओढायचं साधन, आणि कॅप्सूल दिल्या तेव्हा एका दवाखान्यात चिठ्ठी हातात पडली आणि औषधाच्या दुकानात खोकं. कसं घ्यायचं हे कुणीच दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षं त्या नेमानं घेत होत्या आणि दोन वर्षं धाप तशीच होती. एके दिवशी मी सहज त्यांची वापरून झालेली कॅप्सूल उघडली. आत पांढरी पूड जवळजवळ जशीच्या तशी. आत्ती हळूच, चहाचा घोट घ्यावा तसा श्वास घेत होत्या. त्यानं पूड जागची हलत नव्हती.

तर आधी तुमच्याकडं कुठलं साधन आहे ते बघा, पुडीचं की फवाऱ्याचं, कारण दोन्हींची रीत उलटी आहे.

पुडीचं साधन, म्हणजे रोटाहेलरसारखं, असेल तर श्वास जोरात आणि खोल ओढायचा. कॅप्सूल बसवून फिरवा. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, साधनात फुंकू नका, नाहीतर पूड उडते आणि ओल धरते. मग ओठ घट्ट मिटून एका दमात जोरानं आत ओढा. साधन बाजूला काढा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. शेवटी कॅप्सूल बघा. पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा.

फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास सावकाश घ्यायचा. झाकण काढा, पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत मारा. पहाटे पंप गारठलेला असतो, तो मिनिटभर मुठीत धरून ऊब द्या, गार पंपातून फवारा नीट सुटत नाही. श्वास सोडा, ओठ मिटा, हळू आत घ्यायला सुरुवात करता करता दाबा आणि घेत राहा. दहा आकडे धरा. दुसरा फवारा मारायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.

दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही, म्हाताऱ्या माणसांना तर नाहीच जमत. त्यासाठी स्पेसर आहे. तो फुग्यासारखा पोकळ डबा पंपाला जोडला की फवारा त्यात थांबतो आणि माणूस सावकाश ओढू शकतो. एका वेळी एकच फवारा. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. कापडानं पुसला की आत वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. माझं स्पष्ट मत आहे, फवाऱ्याचा पंप ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं स्पेसर असायलाच हवा.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून, घसा खळखळून पाणी थुंकून टाका. नाहीतर जिभेवर पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो आणि मग लोक पंपालाच दोष देतात.

दोष देण्यावरून आठवलं. 'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी,' हे मी शिवाजी पेठेत जितक्या तोंडून ऐकलं तितकं दुसरं काही ऐकलं नसेल. हिशोब करून बघा. नळी मोकळी करणाऱ्या साल्बुटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४० फवाऱ्यांइतकं औषध पोटातून, रक्तातून अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थेंबभर औषध जिथं पाहिजे तिथंच पडतं.

पंप दोन कामांचे असतात हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. एक रोजचा, आतली सूज धरून ठेवणारा. तो बरं वाटत असतानाही सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. दुसरा तातडीचा, धाप लागली की नळी मोकळी करणारा. कुणाला डॉक्टर एकच पंप दोन्ही कामांना देतात. आत्तींचं म्हणणं असायचं, "आता काय हुतंय मला? धाप लागली की मारतो की." रोजचा पंप धाप लागल्यावर मारून उपयोग नसतो, त्याचं काम आठवडे-महिने चालतं. रंगावर विसंबू नका, नाव वाचा, आणि रोजच्या पंपावर मोठ्या अक्षरात 'सकाळ-रात्र' अशी पट्टी चिकटवा. दमा असलेल्याला तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना भेटा. पंपावर आकड्यांची खिडकी असेल तर वीस उरले की नवा आणा, दिवाळीच्या सुट्टीत दुकान बंद असतं तेव्हा फार हाल होतात.

घरातला धूर

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्याच्या शहरांच्या यादीत आपलं कोल्हापूर आहे. रस्त्यावरची धूळ, एमआयडीसी, वाहनं यांचं आपण एकट्यानं काही करू शकत नाही. पण आमच्या आत्तींच्या नाकात जाणारा निम्मा धूर आमच्याच मागच्या दारात तयार होत होता, हे समजायला मला तीन हिवाळे लागले.

बंबाचं घ्या. तांब्याचा बंब, सकाळी साडेपाचला त्यात चिपाडं, ढलपे, करवंट्या, आणि पेट घ्यावा म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. धूर वर जायच्या आधी न्हाणीतून स्वयंपाकघरात आणि तिथून आत्तींच्या खोलीत. प्लॅस्टिकचा धूर तर छातीला विषच. जमलं तर सौर किंवा विजेचा गीझर घ्या, औषधांच्या आणि दवाखान्याच्या खर्चापुढं तो जड नाही. बंब ठेवायचाच असेल तर अंगणात, आजारी माणसाच्या खिडकीपासून लांब, वाळकं लाकूड घालून, प्लॅस्टिक अजिबात नाही. आणि त्या माणसाची आंघोळ सकाळी सहाला नको, अकराला. हा एक बदल आम्ही केला आणि आत्तींची सकाळ निम्म्यानं हलकी झाली. सुरुवातीला त्यांना पटेना. "पारोशी देवाला कशी शिवू?" म्हणत. मग ठरलं की सकाळची पूजा नातीनं करायची आणि आंघोळीनंतर दुपारची पोथी आत्तींनी वाचायची.

गॅसचा गीझर असेल तर न्हाणीला हवा खेळती हवी. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी तर कधीच ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि त्यानं धडधाकट माणूसही झोपेतच जातो.

मशेरी भाजताना तव्यावरून जो खकाणा उठतो त्यानं आळीतली धडधाकट माणसं खोकतात. ती घरात भाजायची नाही, आणि खरं तर लावायचीच नाही, तो तंबाखूच आहे. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. देवापुढं धूप आणि अगरबत्तीऐवजी निरंजन. फोडणी देताना मागचं दार उघडं आणि आजारी माणूस पुढच्या खोलीत. गोधड्या, ब्लँकेटं वर्षभर ट्रंकेत असतात, ती ओढून तशीच अंगावर घेतली की धुळीनंच उबळ येते. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवा, धुण्यासारखी असतील तर गरम पाण्यात धुवा. झाडू मारण्याऐवजी ओलं पोतेरं फिरवा.

रानात उसाचा पाला पेटवला की दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे तुकडे येऊन पडतात. तसा दिवस असेल तर दारं-खिडक्या लावून घ्या. ओळखीचं रान असेल तर पाचट कुट्टी करून सरीत ठेवायला सांगून बघा. आमच्या दोन भावकीतल्यांनी ऐकलं.

आमची सकाळ आता अशी असते

साडेपाचला जाग आली तरी अंथरुणातून लगेच उठायचं नाही. मफलर आधीपासून उशाशी. आधी कोमट पाण्याचे चार घोट, मग बसून फुंकरीचा श्वास. नाकानं दोन आकडे घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार आकडे सोडायचा, गरम दुधावर फुंकर घालतो तसा, पण हलका. सोडण्याला जास्त वेळ दिला की छातीत अडकलेली शिळी हवा बाहेर पडते. पाच-सात मिनिटांनी ठरलेला पंप. मग कफ सुटतो. तो गिळायचा नाही, कागदात काढून रंग बघायचा.

फिरायला पहाटे रंकाळ्यावर जाणं मामंजींच्या हाडीमासी भिनलेलं. तालमीतलं माणूस, त्यांना घरी बसवणं जमलं नसतं आणि बसवूही नये. चालणं सोडलं की पायातलं बळ जातं आणि थोड्या कामानंही धाप लागते. आम्ही फक्त वेळ बदलली. ऊन चढल्यावर साडेनऊनंतर, किंवा दुपारी चारला. नाक आणि तोंड मफलरनं झाकून, श्वास नाकानं. गार कोरडी हवा थेट नळीत गेली की ती आवळते, कापडातून आणि नाकातून गेली की ऊब आणि ओल धरते. बोलत चालता येईल एवढाच वेग. चढ आला की थांबून फुंकर.

खाणं, सर्दी, वाफ

धाप लागणाऱ्या माणसाचं पोट गच्च भरलं की छातीखालचा श्वासाचा पडदा वर ढकलला जातो. म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा. अंडी, डाळ, दूध, चिकन, ज्याला जे चालेल ते. पांढरा रस्सा आत्तींना मानवतो, तांबड्याच्या ठसक्यानं खोकला सुटतो. केळं-दही सगळ्यांनाच बाधतं असं नाही, तुमच्या माणसाला बाधत असेल तर सोडा. अंग वाळायला लागलं तर मात्र डॉक्टरांना सांगा.

घरात कुणाला सर्दी झाली तर त्यानं मास्क लावावा, हात धुवावेत आणि आजारी माणसाजवळ झोपू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्ती जातात, पण गर्दी व्हायच्या आधी. वाफ साध्या पाण्याची, तीही बरं वाटत असेल तरच. बाम-कापूर घातलेल्या वाफेनं दमेकऱ्याची नळी उलट आवळू शकते, आणि पातेलं कलंडून भाजतं ते वेगळंच. धाप लागलेली असताना वाफ घेत वेळ घालवू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. फौंड्रीत, दगडखाणीत काम केलेल्यांना तर जास्तच गरज, कारण वाळूच्या धुळीनं खराब झालेल्या फुप्फुसात टीबी लवकर घर करतो.

कधी घाबरायचं

तीन खुणा रोज बघा. धाप नेहमीपेक्षा वाढली का, कफ वाढला का, कफ पिवळा-हिरवा झाला का. सीओपीडीच्या माणसात यांपैकी दोन दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उद्या बघू म्हणून घालवलेली रात्र महागात पडते.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, बोटाला लावायच्या आधी हात चोळून गरम करा, नखाचा रंग काढा, पाच मिनिटं बसू द्या. निरोगी माणसाचा आकडा ९५ किंवा त्याहून वर असतो, पण जुन्या सीओपीडीच्या माणसासाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेसुद्धा योग्य ठरवतात. म्हणून बरं असतानाचा आकडा कागदावर लिहून ठेवा. त्यापेक्षा तीन-चारनं खाली राहिला तर कळवा.

दम्याचा झटका आला तर आडवं करू नका. ताठ बसवा, हात टेबलावर टेकवून जरा पुढं झुकू द्या, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा. साल्बुटामॉलचा तातडीचा पंप स्पेसरमधून, एक फवारा, चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटं थांबा. आराम नाही तर पुन्हा चार. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळं लिहिलं असेल तर तेच करा. तरी उतार नाही, किंवा पुढचं काहीही दिसलं तर लगेच १०८ला फोन: एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, माणूस गुंगतो किंवा असंबद्ध बोलतो. गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. छातीतली शिट्टी एकाएकी थांबली आणि माणूस मलूल पडला तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका, हवा जाणंच बंद होत आलेलं असतं. रात्री कुठं न्यायचं हे आधीच ठरवून ठेवा. आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय असो वा जवळचा दुसरा दवाखाना, तिथं रात्री ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात का हे दिवसा जाऊन विचारून या.

घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्याचा काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावरच ठेवा. धाप दिसली म्हणून मायेनं वाढवला तर सीओपीडीच्या काही माणसांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ती गुंगीत जातात. मशीनजवळ दिवा, काडी, विडी नको. वीज गेली तर काय, याची सोय आधी करा.

फेब्रुवारीतला किरणोत्सव झाला, थंडी उतरली की घरात एक सैलपणा येतो आणि पहिला बळी जातो तो रोजच्या पंपाचा. डॉक्टरांनी कमी करायला सांगेपर्यंत तो चालूच राहू दे. गुऱ्हाळं अजून चालू असतात, आणि मार्चमध्ये चटणीच्या मिरच्या डंकावर कुटायला जातात. त्या दिवशी मी आत्तींना सकाळीच नणंदेकडं सोडते, स्पेसर आणि पंपाची पिशवी बरोबर देऊन, आणि चटणी बरणीत भरून घर पुसून झालं की संध्याकाळी घेऊन येते.